फिरवलेल्या ताटल्या

आमच्या क्रॉयडनच्या घरात दोन राइस कुकर होते आणि त्यांचं आपसात कधी पटलं नाही. आईच्या कुकरमधला भात मोकळा हवा, तीता नेनिंगच्या कुकरमधला चिकट. दोघी एकमेकींच्या भाताला नावं ठेवत आणि एकमेकींच्या भातावर ताव मारत. तीता म्हणजे त्यांच्या फिलिपिनो भाषेत मावशी. ती वरच्या खोलीत राहायची, आई आणि मी खाली, आणि स्वयंपाकघर सामाईक. मागच्या बाजूने ट्राम जायची तेव्हा मांडणीतल्या कपबश्या बारीक आवाज करायच्या. बाबा वारले तेव्हा आम्ही नागपूरला होतो आणि मी लहान होते. त्यानंतर आईने नर्सिंगच्या जोरावर मला घेऊन हा देश गाठला आणि इथल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांच्या वृद्धाश्रमात, नोकरी धरली. नेनिंग तिथेच त्यांची देखभाल करणारी केअरर होती, आईपेक्षा बरीच लहान. एका रविवारी सकाळी तिने वाळवलेली मासळी तळायला घेतली. शेजारणीने धाडकन खिडकी लावून घेतली आणि आई मात्र अंघोळीचा टॉवेल डोक्याला तसाच गुंडाळून धावत स्वयंपाकघरात आली. "अगं बाई, सुकट!" म्हणाली. बाबा गेल्यापासून मी आईला कशाच्याही मागे धावताना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून नेनिंग आमची झाली. ती आईला 'आते' म्हणायची. तिच्याकडे त्याचा अर्थ मोठी बहीण. आई म्हणायची, आपल्याकडे पोरं बापाच्या बहिणीला आते म्हणतात, म्हणजे हे नणंदेचं नाव आहे, पण चालेल, ही नणंद बरी आहे.

नेनिंगच्या दोन रीती मला इथे सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच घडलं. एक ताटलीची. जेवण चालू असताना घरातलं कुणी उठून बाहेर निघालं, तर मागे जेवत बसलेल्यांनी आपापली ताटली जागच्या जागी फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. आईची शिफ्ट नेहमी आमच्या जेवणाच्या मधेच सुरू व्हायची. ती कोट चढवत दाराकडे निघाली की नेनिंग भराभर आपली ताटली फिरवायची आणि माझ्याकडे डोळे वटारायची. मग मीही फिरवायची. आईला हसू यायचं. "ताटली फिरवून बस टाइमवर येते का गं?" असं विचारायची. आमचं घर बुद्धाचं. अंधश्रद्धा हा शब्द मी 'आई' नंतर लगेच शिकले असेन. पण आईने कधी अडवलं नाही. ताटली फिरवल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

दुसरी रीत हाताची. वडीलधाऱ्या माणसाला भेटलं की त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवायची. मग वडीलधारी व्यक्ती म्हणते, देव तुझं भलं करो. नेनिंग आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी सामान खाली ठेवून तिने आईचा हात धरला आणि कपाळ पुढे केलं. आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "नो, नो, नेनिंग. वुई आर इक्वल्स." आईचे वडील कापडगिरणीत होते. ते सांगायचे, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना वाकवलं त्यांनी आता कुणासमोर वाकायचं नाही आणि कुणाला आपल्यासमोर वाकवायचंही नाही. वंदना बुद्धाला, बाकी सगळ्यांना जय भीम. आमच्याकडे पोरं कुणाच्या पाया पडत नाहीत. आईने हे सगळं नेनिंगला इंग्रजीत समजावून सांगितलं आणि नेनिंगने मान हलवली, पण मला तिचा चेहरा आठवतो. आईला वाटलं, मी हिला बरोबरीचा मान दिला. नेनिंगला वाटलं, हिने मला आशीर्वाद नाकारला. पुढे मी नेनिंगच्या मैत्रिणींमध्ये जायला लागले तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, लोला सियॉन नावाच्या आजींचा हात कपाळाला लावू लागले. आईने बराच विचार करून परवानगी दिली. म्हणाली, "पाय नाही ना? हात आहे. हाताला चालते."

नेनिंगची मुलगी लिगाया माझ्याच वयाची. ती तिकडे आजीजवळ वाढत होती. जिन्याखाली कायम एक भलामोठा खोका उघडा पडलेला असायचा आणि नेनिंग येता-जाता त्यात काहीतरी टाकायची. शाम्पू, चॉकलेटं, डबाबंद मांस, सेलमधले बूट. बूट घेताना ती मला दुकानात नेऊन माझ्या पायात घालून बघायची. मला बसले की लिगायाला बसणार. फ्रॉक, जीन्स, हिवाळ्याचा कोटसुद्धा तिने माझ्या अंगावर बेतून घेतला होता. तिकडे कोट कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, इथे येईल तेव्हा लागेल. हिशोब साधा होता. आणखी काही महिने नोकरी टिकली की नेनिंगला कायमचं राहायला मिळणार होतं, आणि मग मुलीला आणता येणार होतं. पण मुलगी अठराची व्हायच्या आत. अठरा पूर्ण झाली की ती सरकारच्या लेखी मोठी बाई, मग आईच्या पदराखाली येता येत नाही. ट्राममधून व्हिसा ऑफिसची ती उंच इमारत दिसली की नेनिंग छातीवर क्रूस काढायची आणि आई तिकडे बघायचंच टाळायची. दोघींच्या श्रद्धा वेगळ्या, भीती एकच.

मला नाचायला नेनिंगनेच शिकवलं. दर वर्षी जुलैत दक्षिण लंडनच्या एका पार्कात फिलिपिनो लोकांची फिएस्टा, म्हणजे जत्रा, भरायची. दोन दिवस गाणी, नाच, मिरवणूक, आणि अख्खं डुक्कर भाजलेलं. त्यात बांबूंचा एक नाच असतो. जमिनीवर दोन लांब बांबू ठेवतात, दोन्ही टोकांना दोघं बसतात, बांबू दोनदा जमिनीवर आपटतात आणि तिसऱ्या ठोक्याला एकमेकांवर. ठक, ठक, टाळ. नाचणाऱ्याने त्या दोन ठोक्यांत आत पाय टाकायचा आणि तिसऱ्याच्या आत काढून घ्यायचा. लय वाढत जाते. पाय राहिला तर घोटा फुटतो. आमच्या पुढच्या खोलीत सोफा भिंतीला लावून आम्ही सराव करायचो. एका टोकाला नेनिंग, दुसऱ्या टोकाला लोला सियॉन आणि मधे मी. पायांकडे बघू नकोस, असं नेनिंग सांगायची. बांबू धरणाऱ्यावर विश्वास ठेव, पाय आपोआप येतात. तिचा ठोका कधी चुकला नाही. दोन वर्षांत माझ्या घोट्याला एकदाही बांबू लागला नाही. हे लिहिताना टेबलाखाली माझे पाय हलताहेत.

त्या वर्षी फिएस्टाच्या आधीच्या महिन्यात आमच्या घरावर ते संकट आलं. नर्सिंग होममध्ये अंथरुणातून माणसाला उचलून खुर्चीत बसवायचं एक यंत्र असतं. त्याला कापडाची झोळी लावतात. त्या झोळीचा एक पट्टा शिवणीत उसवत चालला होता. आईने तो पाहिला आणि चहाच्या खोलीत जाऊन मॅनेजरबाईंना सांगितलं, ही झोळी बाद करा. मॅनेजरबाई म्हणाल्या, नवीन मागवली आहे, तोवर सांभाळून वापरा. आईने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा नेनिंग तिथे कपात दूध घालत उभी होती. मग आईच्या सुट्टीच्या दिवशी त्याच झोळीतून एक म्हाताऱ्या बाई खाली पडल्या. मांडीचं हाड मोडलं, हॉस्पिटलात नेलं आणि तिथेच त्या गेल्या. मॅनेजरबाईंनी वर कळवलं की आपल्याला याबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि झोळ्या तपासणं नर्सचं काम. आईचा स्वभाव असा की तोंडाने सांगितलं म्हणजे सांगितलं, कागदावर काही नाही. तिला घरी बसवलं आणि चौकशी ठेवली फिएस्टानंतरच्या मंगळवारी. दोषी ठरली तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर परमिट, परमिटबरोबर हा देश, आणि माझी ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, अर्ध्यात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आईच्या नावावर एका माणसाचा जीव लागणार होता. खरं काय ते सांगू शकणारं या जगात एकच माणूस होतं आणि ते आमच्या वरच्या खोलीत राहत होतं. पण नेनिंगचं परमिट मॅनेजरबाईंच्या सहीवर चालत होतं. ती बोलली असती तर लिगाया आली नसती.

तो महिना मी कसा काढला ते मला नीट सांगता येत नाही. दोन्ही कुकर शिजत होते, पण स्वयंपाकघरात आवाज नव्हता. नेनिंग शिफ्टवरून यायची, आमच्यासाठी लसणाचा भात करून झाकून ठेवायची आणि वर निघून जायची. आमच्याकडे बघायची नाही. आई दिवसभर ओटा पुसायची. पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. वजन इतकं उतरलं की युनिफॉर्म घालून बघितला तेव्हा तो खांद्यावरून ओघळला, आणि तो तिने का घालून बघितला हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी एकदा भडकले.

"आई, धिस इज सो अनफेअर! तिला सांग ना. दोन सेन्टेन्सेस बोलायचे आहेत फक्त. मी जाऊन विचारते."

"खबरदार," आई म्हणाली. "तिले काही मागायचं नाही. तिची पण पोर आहे."

"अँड व्हॉट अबाउट मी?"

आईने फडकं पिळून वाळत घातलं, मग पुन्हा काढलं आणि ओटा पुसायला लागली. मला त्या फडक्याचा इतका राग आला की मी ते नंतर कचऱ्यात टाकलं.

फिएस्टाला मला जायचं नव्हतं. पण लोला सियॉन घरी आल्या. त्यांना सगळं माहीत होतं, तिथे सगळ्यांनाच सगळं माहीत होतं. त्या पायरीवर बसून माझा घागरा टाचत म्हणाल्या, की घरात बसून दु:ख कमी होत नाही, आणि बांबू मांडल्यावर कुणीतरी नाचायला लागतं. आई म्हणाली, मी पण येते. घरच्या भिंती तिला खायला उठल्या होत्या. म्हणून आम्ही तिघी एकाच ट्रामने गेलो, नेनिंग खिडकीजवळ, मी मधे, आई पलीकडे. व्हिसा ऑफिसची इमारत गेली. नेनिंगने क्रूस काढायला हात वर केला आणि तसाच मांडीवर ठेवला.

पार्कात आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. कागदी फुलांच्या कमानी हातात धरून राण्या झालेल्या मुली उभ्या होत्या आणि वाऱ्याने कमानी वाकत होत्या. एका तंबूत तारवाद्यांचा मेळा बसला होता. ती वाद्यं ऐकली की मला नेहमी कुणीतरी भराभर जिना उतरतंय असं वाटायचं. दुसऱ्या तंबूत कॅराओके चालू होतं, आणि तीच-तीच रडकी प्रेमगीतं लंडनभरच्या नर्सेस मोठ्या आनंदाने गात होत्या. डुकराच्या भट्टीचा धूर, व्हिनेगरचा वास, घरी पैसे पाठवणाऱ्या दुकानांच्या पताका, कौन्सिलचा पिवळ्या जाकिटातला माणूस. आणि पहिल्या रांगेत, गळ्यात कागदी फुलांचा हार घालून, मॅनेजरबाई. त्या दर वर्षी यायच्या. त्यांच्या होममधले निम्म्याहून जास्त लोक या लोकांपैकी होते, म्हणून त्यांना पाहुण्या म्हणून बोलवायचे. बाई वाईट दिसत नव्हत्या हो. उन्हाची टोपी, साधा चेहरा, हसऱ्या. मी त्यांच्यात राक्षस शोधत राहिले आणि तो सापडेना, याचाच मला त्रास होत होता.

नाचाची वेळ झाली. नेनिंग बांबूच्या टोकाला मांडी घालून बसली. मी अनवाणी उभी राहिले. ठक, ठक, टाळ. पाय आत, पाय आत, पाय बाहेर. पहिल्या रांगेत मॅनेजरबाई चुकीच्या ठोक्यावर टाळ्या वाजवत होत्या, आणि नेनिंग बांबूवरून नजर न उचलता आपला ठोका धरून होती. लय वाढली. लोक ओरडू लागले. मी पहिल्यांदाच नियम मोडून खाली बघितलं, पायांकडे नाही, तिच्या हातांकडे. माझ्या मनात आलं, चूक, एकदा तरी चूक. फोड माझा घोटा. इतका नेमका ठोका धरते ही बाई, माझ्या पायाला धक्का लागू देत नाही, आणि हिला दोन वाक्यं बोलता येत नाहीत? मी मुद्दाम पाय आत ठेवला. जाणूनबुजून ठेवला. नेनिंगने बांबू मिटवलाच नाही. तिसरा ठोका हवेत धरून ठेवला, मी पाय काढेपर्यंत, आणि मग पुन्हा सुरू केलं. बघणाऱ्यांना तो नाचाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तंबूत जेवणं बसली. लांबलचक टेबल, कागदी ताटल्या, मधे केळीच्या पानांवर भाताचे ढीग, शेवया, तळलेल्या गुंडाळ्या, भाजलेलं मांस. पाहुण्यांना मानाने टेबलाच्या टोकाला बसवलं. त्यांच्या बाजूला लोला सियॉन, मग नेनिंग. समोर मी आणि आई. अशी बसायची वेळ का आली, कुणी ठरवून बसवलं का, मला आजही माहीत नाही. आई शेवया काट्याने ढवळत होती, खात नव्हती. मॅनेजरबाई तिच्याकडे वळल्या. त्यांना काहीतरी बरं बोलायचं होतं, हे मला आता पटतं. माणूस अपराधी असला की त्याला फार बरं बोलावंसं वाटतं.

"मंगळवारी फार वेळ लागणार नाही, शोभा," त्या म्हणाल्या. "मग तुला जरा विश्रांती मिळेल. आणि तुमच्याकडे आता कॉलेजेस खूप छान झाली आहेत म्हणे. हिचं सगळं चांगलं होईल."

आईने काटा खाली ठेवला. माझ्या पायांकडे बघितलं. माझे पाय मातीने भरले होते आणि घागऱ्याची कड एका बाजूने सुटली होती. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि नेनिंगसमोर उभी राहिली. नेनिंगच्या हातात वाढायचा चमचा होता. आईने तो काढून ताटलीत ठेवला, तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कमरेतून खाली वाकली आणि तिच्या हाताची मागची बाजू स्वत:च्या कपाळाला टेकवली.

"प्लीज, नेनिंग," म्हणाली. "फॉर माय गर्ल."

आमच्या टेबलावरचे हात थांबले. मग शेजारच्या टेबलावरचे. मोठ्या माणसाने लहानाचा हात कपाळाला लावायचा नसतो. तसं कधी होतच नाही. त्याने लहानाच्या डोक्यावर काय चढतं, त्याला नावच नाही. आपल्याकडेही मोठ्यांनी लहानांच्या पाया पडलं तर लहानाचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लोला सियॉननी तोंडावर पदरासारखा रुमाल दाबला आणि "नाही, नाही, असं नाही," असं त्यांच्या भाषेत पुटपुटत राहिल्या. ती माझी आई होती. जिने कुणासमोर मान वाकवली नाही, जिने मला कुणाच्या पाया पडू दिलं नाही, ती आई भाजलेल्या डुकराच्या टेबलाशी आपल्यापेक्षा लहान बाईपुढे वाकून उभी होती, आणि तिच्या केसांत मागे पांढरी रेघ वाढलेली मला पहिल्यांदा दिसली. मला वाटलं जमीन फाटावी. मला वाटलं आत्ताच्या आत्ता नागपूरला परत जावं, काही नको, कॉलेज नको, देश नको, फक्त तिने सरळ उभं राहावं.

"हाउ लव्हली," मॅनेजरबाई म्हणाल्या. "ही पण तुमची प्रथा का?"

नेनिंगने हात सोडवून घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने खुर्ची मागे ढकलली, पर्स उचलली आणि अर्धी भरलेली ताटली तशीच टाकून तंबूबाहेर पडली. कागदी कमानींच्या मधून, गवतावरून, ट्रामच्या दिशेने चालत गेली. तेवढ्यात टेबलाच्या एका टोकाकडून बारीक खरखर ऐकू आली. सगळ्या बायका आपापल्या कागदी ताटल्या फिरवत होत्या, न बोलता, न बघता, सवयीने. मीही फिरवली. मॅनेजरबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. आई जागेवर परत येऊन बसली होती. तिने फिरवली नाही.

नेनिंग त्या रात्री घरी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लोला सियॉनकडे राहिली असं कळलं. आई मला फक्त एवढंच म्हणाली, "तुह्या आजोबांनी पाहिलं असतं तर माहं थोबाड पाहिलं नसतं." मंगळवारी ती एकटीच गेली. मी शाळेत गेले नाही, खिडकीत बसून राहिले. ट्राम जात होत्या, कपबश्या वाजत होत्या. आई दुपारी आली, बूट न काढता जिन्याच्या खालच्या पायरीवर, त्या खोक्याशेजारी बसली.

"बोलली ती," आई म्हणाली. "माह्या आधीच येऊन बसली होती. सगळं सांगितलं."

आणि मग ती रडली. तसं रडताना मी तिला बाबांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मी खोक्यातला लिगायासाठी घेतलेला कोट बाजूला सारून तिच्याजवळ बसले. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू, आणि त्या कोटाकडे बघवत नव्हतं.

पुढचं व्हायचं तसंच झालं. आईवरचा ठपका गेला. मॅनेजरबाई दुसरीकडे बदलून गेल्या, पण जाण्याआधी नेनिंगच्या परमिटच्या मुदतवाढीवर त्यांनी सही केली नाही. कारण विचारायला जागा नव्हती, इतक्या नीट शब्दांत त्यांनी नकार दिला होता. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरनी हात वर केले. त्याच सुमारास केअररच्या परमिटचे नियम कडक झाले. नेनिंगने कॉव्हेंट्रीपासून बेसिंगस्टोकपर्यंत होम्स पालथी घातली. आई सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जायची, इंटरव्ह्यू होईपर्यंत बाहेर बाकावर बसायची. कुणी घेतलं नाही. दोघींनी त्या फिएस्टाचं नाव कधी काढलं नाही. आईने आभार मानले नाहीत. असल्या गोष्टीचे आभार कुठल्या तोंडाने मानणार? ती फक्त दर रविवारी वांगी घालून सुकट करायची आणि सगळ्यांत आधी नेनिंगला वाढायची.

एकदा मीच विचारलं. आम्ही दोघी तो खोका दोरीने बांधत होतो.

"तीता, तुम्ही का बोललात?"

नेनिंगने गाठ घट्ट केली. "आतेने असं करायला नको होतं," ती म्हणाली. "मी रोज वर पडून ठरवत होते, बोलू की नको. रोज. कदाचित बोलले असते. कदाचित नसते. तिने मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. तो हात घेऊन मी माझ्या आईसमोर कशी जाणार होते, सांग." मग दोरीचं उरलेलं टोक कापत म्हणाली, "मी तिच्यावर रागावले आहे, मितू. तिला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. आता मी आईच्या त्या वेळच्या वयाकडे चालले आहे, मलाही मुलगी आहे, आणि नेनिंगचं ते बोलणं मला पूर्वीपेक्षा जास्त खरं वाटतं. आईने भीक मागितली असं मला तेव्हा वाटलं होतं. पण वाकलेल्या माणसाच्या हातातसुद्धा जोर असतो, आणि आईने तो सगळा जोर लावला होता. मीही लावला असता. हे सगळं एकदमच खरं आहे आणि मला त्याची वाटणी करता येत नाही.

लिगाया अठराची झाली तेव्हा नेनिंग अजून इथेच होती. त्या दिवशी तिने शेवया केल्या. वाढदिवसाला त्या न तोडता खायच्या असतात, लांब आयुष्यासाठी. फोनवर मुलीशी ती हसून बोलली. नंतर नळ सोडून बराच वेळ भांडी घासत होती, आणि भांडी तर मी आधीच घासली होती.

ती गेली ती सकाळची वेळ. टॅक्सी लवकर आली. आई आणि मी नुकत्याच जेवायला बसलो होतो, म्हणजे नेनिंगनेच केलेला लसणाचा भात आणि तळलेली मासळी. ती स्वत: उभ्यानेच दोन घास खाऊन तयार झाली होती. बाहेर हॉर्न वाजला. आई उठली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आईचे हात पुढे आले आणि ती वाकू लागली. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा ते बघायची माझ्यात ताकद नव्हती.

"नो, आते," नेनिंगचा आवाज आला. "नॉट लाइक दॅट."

मी डोळे उघडले तेव्हा तिने आईला खांद्यांना धरून सरळ उभं केलं होतं. मग तिने आईचा उजवा हात घेतला, ओटा पुसून पुसून सालं निघालेला तो हात, आणि मान वाकवून आपल्या कपाळाला टेकवला. रीतीप्रमाणे, लहानाने मोठ्याचा. आल्या दिवशी आईने मागे घेतलेला हात. या वेळी आईने तो मागे घेतला नाही. नेनिंग तशीच वाकून थांबली, कारण मोठ्याने काहीतरी म्हणायचं असतं. देव भलं करो असं आई म्हणणार नव्हती, ते तिच्या तोंडात कधीच आलं नसतं. तिचे ओठ हलत राहिले. शेवटी ती म्हणाली, "भवतु सब्ब मंगलं." नेनिंगला शब्द कळले नसतील. पण तिने डोकं वर केलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा तो महिनोन्‌महिन्यांचा राग गेला होता, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या गालावर तिने हात फिरवला, खोका आम्ही दोघींनी टॅक्सीत घातला, आणि ती बसली.

दार लावून आम्ही आत आलो. भात अजून गरम होता. आई खुर्चीत बसली. टॅक्सी सुरू झाल्याचा आवाज आला. आईने आपली ताटली दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश, एक पूर्ण वेढा होईपर्यंत, फिरवली. जिने मला अंधश्रद्धा हा शब्द शिकवला, तिने. मग माझ्याकडे बघितलं. मी हात मांडीत घेऊन बसले होते. मला नव्हती फिरवायची. मी फिरवली तर ती खरंच गेली, असं मला वाटत होतं. मी नाही फिरवली तर टॅक्सी कोपऱ्यावरून वळेल, परत येईल. अठरा वर्षांची घोडी, आणि मी लहान पोरीसारखी मान हलवत राहिले.

"फिरव, मितू," आई म्हणाली.

"नाही."

टॅक्सी कोपऱ्याकडे निघाली होती. आईने टेबलावरून हात लांब केला आणि माझीही ताटली फिरवली.